बालविभागाच्या कपाटाची किल्ली : ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सदस्य,
कार्यकारी मंडळ,
महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये

विषय : मुलांना पुस्तके घरी देण्याबाबत, आणि त्यात हरवणाऱ्या-फाटणाऱ्या पुस्तकांची जबाबदारी मंडळाने स्वतःकडे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. कृष्णाकाठच्या एका गावातील सार्वजनिक ग्रंथालयाची मी सभासद असून जून २०१८ पासून तेथील शनिवारचा बालविभाग आम्ही चार-पाच जणी मिळून सांभाळतो. या काळात आसपासच्या तालुक्यांतील अनेक ग्रंथालये पाहता आली, त्यांच्या ग्रंथपालांशी बोलता आले आणि काही ठिकाणी मंडळाच्या बैठकीत बसण्याची संधीही मिळाली. हे पत्र ग्रंथालय संचालनालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे, कारण ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे तिच्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर एक विषय घेतला तरी पुरते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी ज्या गावी होते तेथील वाचनालयात मी माझ्या चौथीच्या वर्गाला घेऊन गेले होते. वाचनालय नीटनेटके होते, बालविभाग असा रंगवलेला फलक होता आणि फलकाखाली काचेचे कपाट होते. कपाटाला कुलूप होते. ग्रंथपालांनी अगत्याने सांगितले की किल्ली खजिनदारांकडे असते आणि ते आज तालुक्याला गेले आहेत. मुले थोडा वेळ खुर्च्यांवर बसली आणि मग पाय हलवू लागली. एक मुलगी मात्र कपाटापाशी उभी राहिली आणि काचेवर बोट ठेवून पुस्तकांच्या कण्यावरची नावे डावीकडून उजवीकडे वाचत गेली. पहिला कप्पा संपला, दुसरा संपला, तिसऱ्यासाठी ती खाली बसली. निघताना काचेवर तिच्या बोटाचा एक लांब आडवा माग राहिला होता, आणि ग्रंथपालांनी तो फडक्याने पुसला. त्या भल्या माणसाचा यात काही दोष आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

दोष कोठे आहे ते कळायला पुढे बराच काळ गेला. पुस्तक हरवले तर त्याची किंमत कोणी भरायची, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे लिहिलेले नसते, पण ते सगळ्यांना ठाऊक असते. तपासणीच्या आधी दाखल नोंदवही आणि कपाट यांचा मेळ घालायला बसले की कमी भरलेली पुस्तके ग्रंथपालाच्या नावावर जातात. कोठे त्याच्या मानधनातून पैसे वळते होतात, कोठे तो स्वतःच गुपचूप दुसरी प्रत आणून ठेवतो, आणि कोठे नुसते चारचौघांत बोलणे ऐकून घेतो. ग्रामीण भागातील क आणि ड वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या वर्गवारीतील लहान ग्रंथालयांत ग्रंथपालाच्या हाती महिन्याकाठी काय पडते हे मी मंडळांना सांगण्याची गरज नाही. एवढ्या पैशांत काम करणाऱ्या माणसाने दुसरीतल्या पोराच्या हाती नवे कोरे चित्रमय पुस्तक द्यावे, तेही घरी न्यायला, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? तो कुलूप लावतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही लावले असते. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे असली तरी कुलूप घालते ती ही भीती, आणि ती काढण्याचा अधिकार फक्त मंडळाला आहे.

पुस्तके थोडीफार हरवणारच, हे सरकारी हिशेबानेसुद्धा मान्य केलेले आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील २१५ वा नियम ग्रंथालयांविषयी आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या अथवा हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा, अशा अर्थाची तरतूद त्यात आहे. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी असून आपल्या अनुदानित ग्रंथालयांना तो जसाच्या तसा लागू होत नाही, याची मला कल्पना आहे. पण त्यातला एक बारकावा आपण जरूर ध्यानात घ्यावा. प्रमाण कपाटातील पुस्तकांच्या संख्येवर धरलेले नाही, देवघेवीवर धरलेले आहे. ज्या ग्रंथालयात पुस्तके फिरतात त्याला जास्त सूट, आणि ज्याच्या कपाटाला वर्षभर कुलूप असते त्याला जवळजवळ काहीच नाही. हिशेब लिहिणाऱ्या कोणा अधिकाऱ्याला हे सुचले, याचे मला आजही कौतुक वाटते.

आमच्याकडे शनिवारी साधारण चाळीस पुस्तके मुलांच्या हाती जातात. सुट्ट्या, परीक्षा आणि पावसाचे दिवस वगळले तरी वर्षाला अठराशेच्या आसपास देवघेव होते, म्हणजे वरच्या प्रमाणाने नऊ पुस्तके गेली तरी ओरड नसावी. गेल्या वर्षी आमची सात गेली. त्यांपैकी कोणत्याही पुस्तकाची किंमत शंभर रुपयांच्या वर नव्हती. सातांची मिळून जी रक्कम होते तिच्यात एका पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही धड होत नाही, आणि सत्काराच्या खर्चाला मंडळात कोणी हरकत घेतल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

फाटण्याचे मात्र खरे आहे. मुलांची पुस्तके फाटतात, त्यांवर हळदीचे बोट उमटते, पाने दुमडतात, आणि धाकट्या भावंडाच्या तावडीत सापडले तर एखादे पान चावलेलेही परत येते. त्यासाठी आम्ही महिन्यातून एक दुपार राखून ठेवली आहे. मैद्याची खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद घालावे लागते, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते. मोरचूद विषारी असल्याने ती खळ मुलांच्या हाताला लागू देत नाही आणि तिचे भांडेही वेगळे ठेवतो. कण्याला मांजरपाटाची पट्टी लावतो, सुटलेला पानांचा जुडगा शिवतो आणि वर वजन ठेवून रात्रभर तसाच दाबून ठेवतो. चिकटपट्टी कधीही लावू नये. वर्षभरात ती पिवळी पडते आणि काढायला गेले की अक्षरांसकट निघते. हे काम शिकायला एक दिवस पुरतो. आमच्याकडे आता सातवी-आठवीची दोन मुले पट्ट्या कापून देतात आणि आपण दुरुस्त केलेले पुस्तक कोणाकडे गेले आहे यावर बारीक लक्षही ठेवतात.

पुस्तक कपाटात असले की सुरक्षित असते, हा समज आमच्या भागात ऑगस्ट २०१९ मध्ये वाहून गेला. त्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडील ग्रंथालयांची हजारो पुस्तके भिजली, आणि वर्षानुवर्षे जपलेले दुर्मीळ ग्रंथ लगदा होऊन बाहेर आले. आमच्या छोट्या ग्रंथालयातही खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत पाणी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाटे उघडायला गेलो तेव्हा दारे उघडेनात, कारण आतली पुस्तके फुगून एकमेकांत घट्ट बसली होती. लोखंडी पहारीने दार काढावे लागले. बालविभागाची जी पुस्तके त्या पुरातून वाचली ती सगळी त्या आठवड्यात मुलांच्या घरी होती, वरच्या आळीत, मळ्यात, एक तर छावणीत दप्तरातून गेलेले. गणेशोत्सवानंतर ती एकेक करून परत आली. गैरसमज नसावा, महापुराचा दाखला देऊन मी जपणुकीची थट्टा करीत नाही. दुर्मीळ ग्रंथ कुलपातच हवेत. पण चाळीस रुपयांचे, आजही बाजारात मिळणारे पुस्तक आणि शंभर वर्षांपूर्वीची एकमेव प्रत यांना एकच नियम लावून आपण दोघांवरही अन्याय करीत आहोत.

आता उपक्रमांविषयी. दर वर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन करतो, अधूनमधून चित्रकला आणि वक्तृत्व स्पर्धा घेतो. यांत वाईट काहीच नाही. पण वार्षिक अहवालातील बालविभागाचे पान उघडले तर तेथे छायाचित्रे, प्रमुख पाहुणे आणि बक्षिसे असतात, आणि वर्षभरात किती मुलांनी किती पुस्तके घरी नेली हा आकडा बहुधा नसतो. मी काही मंडळांना तो विचारला, तेव्हा एका कार्यवाहांनी प्रामाणिकपणे सांगितले की बाल सभासदांची नोंद वडिलांच्या नावावर असल्याने तो काढताच येत नाही. तेव्हा मुलाच्या स्वतःच्या नावाचे कार्ड आणि बालविभागाची वेगळी देवघेव वही, एवढी सुरुवात तरी व्हावी. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाचे कार्ड मिळते तेव्हा तो ते दोन्ही हातांनी धरतो. त्यासाठी पुठ्ठा आणि शाई लागते.

२०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली. मागणी बरीच जुनी होती आणि वाढ पुरेशी नाही हे मीही मानते, कारण अनुदानाचा अर्धा भाग पगारावर जातो आणि तो जायलाच हवा. पण उरलेल्यातून जी ग्रंथखरेदी होते तिच्यात मुलांचा वाटा किती असतो, आणि ती होते कशी? मार्चअखेर आली की विक्रेत्याची यादी येते, ज्या पुस्तकांवर सूट जास्त त्यांच्यावर खुणा होतात, आणि मुलांच्या नावाने थोर पुरुषांच्या बत्तीस पानी चरित्रांचा संच घेतला जातो. एकाच चणीची, एकाच रंगाची, बारीक टाइपातली ती चरित्रे मी डझनांनी पाहिली आहेत. त्यांची पाने आजही करकरीत आहेत, एवढ्यावरून काय ते समजावे.

येथे मला शिक्षिका म्हणून थोडे अधिक बोलू द्यावे. मुलांच्या वाचन-गणिताची चाचणी घेणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता. याचा ग्रंथालयाच्या दृष्टीने अर्थ असा की बालविभागात येणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या अनेक मुलांना पानाला तीन-चार ओळी, मोठा टाइप आणि ओळीला धरून असलेले चित्र लागते, आणि तरीही ते पुस्तक ‘बाळाचे’ वाटून चालत नाही. अशी पुस्तके मराठीत नाहीत ही तक्रार आता खरी राहिलेली नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची सचित्र पुस्तके सहज मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य आहेत आणि त्या छापून घेण्यास परवानगीही आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक बांधून ठेवले तर थोड्या मोठ्या मुलांना महिनोन्‌महिने पुरतात. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या मुलासमोर पहिलेच पुस्तक प्रमाण मराठीचे ठेवले तर ते मूल अडखळणार, म्हणून तेथे गोष्ट आधी त्यांच्या बोलीत सांगणारी आजी ही पुस्तकाइतकीच खरेदीयोग्य गोष्ट आहे. तिला प्रवासखर्च आणि चहा द्यावा. खरेदीपूर्वी आणखी एक करावे. दोन-तीन मुलांना विक्रेत्याकडे न्यावे आणि ती काय उचलतात ते पाहावे. आमच्याकडे कोळी, साप आणि भुते यांना नेहमी मते जास्त पडतात. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांना भुतांविषयी आक्षेप होता, तो त्यांनी नोंदवला आणि पुस्तके आली.

वेळेविषयी थोडक्यात. ग्रंथालय सकाळी उघडते तेव्हा मुले शाळेच्या तयारीत असतात, आणि संध्याकाळी उघडते तेव्हा मुलींना अंधाराच्या आत घरी परतायचे असते. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यानंतरचे दोन तास आम्हाला सर्वांत सोयीचे ठरले.

अनामत रक्कम आणि आधार कार्डाची प्रत या दोन अटींविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ज्या मुलांना ग्रंथालयाची सर्वांत जास्त गरज असते तीच यांमुळे दारात अडतात. आमच्या भागात गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि शिवारात कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. आईवडील पहाटे फडात जातात, मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळत कोपीवर राहते. या मुलांकडून अनामत घ्यायची कोणाकडून आणि रहिवासाचा पुरावा मागायचा कशाचा? पहिल्या वर्षी आम्ही बिचकत कापडी पिशवीत पंधरा पुस्तके घालून एका टोळीवर दिली. मुकादमाला जामीन घ्यावे अशी सूचना आली होती, ती आम्ही मानली नाही. बारा वर्षांच्या एका मुलीला वही दिली आणि कोण कोणते पुस्तक नेते ते तिने लिहायचे ठरले. तिला पूर्ण नावे लिहिता येत नव्हती, म्हणून तिने प्रत्येकाच्या नावापुढे खूण काढली. कोणाची बैलाची शिंगे, कोणाचा कोयता, कोणाचे नुसते गोल तोंड. मार्चअखेर टोळी हलली तेव्हा तेरा पुस्तके परत आली. दोन बीडला गेली. त्यांतले एक पुढच्या हंगामात परत आले, वर्तमानपत्राचे वेष्टन घालून. दुसरे आले नाही. आम्ही ते रद्दबातल नोंदवले आणि मंडळाने त्यावर सही केली. विषय तेथेच संपला.

हे सारे नवे किंवा धाडसी आहे असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले, आणि तेथील संस्थानात गावोगाव वाचनालये व फिरत्या ग्रंथपेट्या सुरू झाल्या. पेटी आगगाडीने, मग बैलगाडीने जायची, आणि वाटेत पुस्तके हरवत नसतील असे मानण्याचे कारण नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, म्हणजे आपल्या १९६७ च्या अधिनियमाच्या बावीस वर्षे आधी, ग्रंथालयांचा कायदा केला होता. आजचे उदाहरण हवे असेल तर शेजारच्या कर्नाटकात पाहावे. तेथे २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ म्हणजे ‘वाचनाचा प्रकाश’ या उपक्रमातून ग्रामपंचायतींची साडेपाच हजारांहून अधिक ग्रंथालये सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना विनामूल्य सभासदत्व देऊ लागली. तेथील ग्रंथालये पंचायतीची आहेत आणि आपली लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांची, हा फरक मोठा आहे. तिकडे वरून आदेश निघावा लागला. आपल्याकडे अकरा-बारा हजार मंडळांपैकी प्रत्येकाला आपला निर्णय आपण घेता येतो. हे आपले बळ आहे असे मी इतकी वर्षे ऐकत आले आहे, आणि कधीकधी मला ते सबबीसारखेही वाटले आहे.

तेव्हा मागणी एवढीच आहे की येत्या मासिक सभेत आपण एक ठराव करावा. चौदा वर्षांखालील मुलांना अनामतीशिवाय व कागदपत्रांशिवाय, स्वतःच्या नावाच्या कार्डावर, एका वेळी एक पुस्तक घरी न्यायला मिळेल. बालविभागातील देवघेवीच्या हजारामागे पाच पुस्तकांपर्यंतची घट वर्षअखेर मंडळ रद्दबातल करील आणि तिची वसुली ग्रंथपालाकडून अथवा मुलाच्या घरून होणार नाही. तिसरे वाक्य लिहायचेच असेल तर किल्ली ग्रंथपालाकडे राहील असे लिहावे. ठरावाची प्रत ग्रंथपालाच्या हाती द्यावी, त्याला ती मेजाच्या खणात ठेवू द्यावी. तपासणीला येणाऱ्या निरीक्षकांनीही बालविभागाचा फलक पाहण्याऐवजी देवघेव वही मागावी, ही विनंती मी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्राने करीत आहे.

ठराव करण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहण्याची कोणाची इच्छा असेल तर आमचा बालविभाग शनिवारी साडेअकराला उघडतो. मुले अकरालाच ओट्यावर येऊन बसतात. आमच्याही कपाटाला कुलूप आहे, ते काढून टाकलेले नाही. किल्ली खिळ्यावर असते आणि जो पहिला येतो तो उघडतो, म्हणून आधी कोण आले यावरून दर शनिवारी थोडी भांडणे होतात. ती कशी मिटवावी यावर आपल्याकडे काही उपाय असल्यास आम्हाला जरूर कळवावा.

आपली,
कृष्णाकाठच्या एका ग्रंथालयाची सभासद